लठ्ठपणाची वाटणी

"आमच्या घराण्यातच आहे हो. आजी अशीच होती, दोन्ही आत्या तशाच. मी नुसतं पाणी प्यायले तरी अंगी लागतं." हा एक पक्ष. दुसरा पक्ष तोंडावर काही बोलत नाही; समोरच्या ताटात चौथी पुरी पडते ती बघून ठेवतो आणि घरी गेल्यावर बोलतो. लठ्ठपणाच्या कारणांविषयी मराठी घरांत हेच दोन पक्ष नांदत आले आहेत. अलीकडे त्यांच्या मधोमध एक तिसरा, शिकलासवरलेला पक्ष येऊन बसला आहे. रविवारच्या पुरवण्यांतले आरोग्याचे स्तंभ तो वाचतो आणि दोघांनाही गप्प करील असा निवाडा देतो: लठ्ठपणा सत्तर टक्के जनुकांमुळे आणि तीस टक्के खाण्यापिण्यामुळे. आकडे कधी साठ-चाळीस होतात, कधी निम्मे-निम्मे. वाटणी मात्र ठाम.

मला खंडन करायचं आहे ते या तिसऱ्या पक्षाचं. पहिले दोघे निदान आपापलं म्हणणं स्वच्छ बोलतात. तिसरा दोघांच्या चुका एकत्र करतो, त्यांना टक्केवारी चिकटवतो आणि त्या बेरजेला विज्ञान म्हणतो.

वादाची आपली जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष आधी पुरता मांडावा, आणि दुबळा करून मांडू नये. या पूर्वपक्षाजवळ पुरावा भक्कम आहे. १९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी या माणसांचा बांधा त्यांच्या जन्मदात्यांशी जुळत होता. ज्यांच्या हातचं खाऊन ती वाढली त्या आईवडिलांशी जुळत नव्हता. चार वर्षांनी क्लोद बुशार यांचा कॅनडातला प्रयोग आला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या घेतल्या आणि शंभर दिवसांपैकी चौऱ्याऐंशी दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सरासरी वजन ८.१ किलोने वाढलं, पण कुणाचं ४.३ किलोच वाढलं आणि कुणाचं १३.३. जोडीतल्या दोघांची वाढ मात्र बरीचशी सारखी, आणि चरबी कुठे साठली यातही जुळे एकमेकांसारखेच. जास्तीचा घास सर्वांना सारखा मिळूनही तो कुणाच्या अंगी किती लागायचा हे जन्मजात ठरलेलं दिसत होतं. जुळ्यांच्या अशा अनेक अभ्यासांतून बीएमआयची आनुवंशिकता साधारण ४० ते ७० टक्के निघते. सत्तरचा आकडा आला आहे तो इथून.

हे प्रयोग खरे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही. बिघाड होतो तो त्यांच्या अर्थात.

आनुवंशिकतेची टक्केवारी एका लोकसमूहाबद्दल असते, आणि तीही एका काळापुरती. त्या समूहात माणसामाणसांच्या वजनांत जो फरक दिसतो, त्यातल्या किती फरकाचा संबंध त्यांच्या जनुकांतल्या फरकाशी लावता येतो, एवढंच ती सांगते. नव्वद किलोच्या एका गृहस्थाबद्दल ती काहीही सांगत नाही. त्यातले त्रेसष्ट किलो जनुकांचे आणि सत्तावीस किलो बटाटेवड्यांचे, असा तिचा अर्थ होत नाही. दोन एकरांच्या वावरात लांबीचा वाटा किती आणि रुंदीचा किती, असं तलाठ्याला विचारलं तर तो आपल्याकडे ज्या नजरेने बघेल, त्याच नजरेने या वाटणीकडे बघायला हवं.

शिवाय हा आकडा भोवतालच्या अन्नावर हलतो. समजा एखाद्या गावात सगळेच जण तेच अन्न, तेवढंच आणि त्याच वेळी खाऊ लागले. आता त्यांच्या वजनांतला उरलेला फरक जवळपास सगळा जनुकांचाच असणार, म्हणजे आनुवंशिकता शंभर टक्क्यांच्या घरात जाईल. ते अन्न तळकट आणि मुबलक असेल तर गाव सगळं लठ्ठ होईल, आणि आनुवंशिकता तरीही शंभरच्या घरातच राहील. फरक जनुकांचा, लठ्ठपणा अन्नाचा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी.

हे कल्पनेतलं गाव सोडून आपल्याच देशाचे आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रिया १२.६ टक्के होत्या आणि पुरुष ९.३ टक्के. २०१९-२१ च्या पाहणीत स्त्रिया २४ टक्के झाल्या, पुरुष २२.९ टक्के. मधली वर्षं पंधराच्या आसपास. एवढ्या काळात लोकांची जनुकं बदलत नाहीत. एक पिढीसुद्धा पुरती होत नाही. बदलला तो बाजार, स्वयंपाकघर आणि कामाचं स्वरूप.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या पिमा आदिवासींची गोष्ट याहून बोलकी आहे. वंशाने एक, पण एक शाखा ॲरिझोनात गिला नदीकाठी आणि दुसरी मेक्सिकोत सोनोराच्या डोंगरात, मायकोबा भागात. ॲरिझोनातल्या पिमांचं नदीचं पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी वळवलं. त्यांची शेती बुडाली आणि पुढे ताटात बाहेरून आलेलं पीठ, साखर आणि चरबी आली. मेक्सिकोतली भावंडं डोंगरात शेती करत राहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या पिमांत मधुमेहाचं प्रमाण ३८ टक्के निघालं, मेक्सिकोतल्या पिमांत ६.९ टक्के. लठ्ठपणातली तफावतही तशीच. बीज जवळपास तेच. पाणी कुणी वळवलं हे मात्र कुठल्याही जनुकात लिहिलेलं नव्हतं.

पण एवढ्यावर "बघा, शेवटी खाणंच" म्हणून दुसरा पक्ष उठून उभा राहील, तर त्यालाही बसवायला हवं. मुळात जनुकं लठ्ठपणात काय काम करतात, हा प्रश्न तिन्ही पक्षांनी विचारलेलाच नाही. सर्वसाधारण समजूत अशी की जनुकं चयापचय मंद करतात: एकाचं इंजिन जाळतं, दुसऱ्याचं साठवतं. बुशारच्या जुळ्यांवरून असं काहीतरी असतं हे खरंच आहे. परंतु मोठं काम दुसरीकडे चालतं, आणि ते कसं उलगडलं ती हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांची एक जात आपोआप निपजली. दिसायला लोण्याच्या गोळ्यासारखी, आणि सतत खाणारी. पुढे तिथेच लठ्ठ उंदरांची दुसरी एक जात सापडली. डग्लस कोलमन यांनी या दोन जातींच्या उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिलं. पहिल्या जातीच्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. दुसऱ्यावर काही परिणाम नाही. कोलमन यांचा निष्कर्ष असा: दुसऱ्याच्या रक्तात "पुरे" असं सांगणारं काहीतरी भरपूर आहे, पण ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही, पहिल्याला ऐकू येतं, पण ते त्याच्यात तयारच होत नाही. हे "काहीतरी" सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी ते बनवणारं जनुक शोधलं. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन. ते तयार करते चरबीच. आपण किती साठलो आहोत हे ती मेंदूला या निरोपाने कळवत असते.

तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये स्टीफन ओराहिली आणि सदाफ फारूकी यांच्या गटाकडे पाकिस्तानी मूळ असलेल्या कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं आली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं आणि दोन वर्षांच्या मुलाचं २९ किलो. दोघांत लेप्टिनचं जनुक बिघडलेलं. अशी मुलं घरात अन्नासाठी आकांत करतात, आणि आसपासचे लोक मुलाला हावरट आणि आईला लाडावणारी ठरवून मोकळे होतात. नवव्या वर्षी ती मुलगी ९४.४ किलोची असताना तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली. वर्षभरात १६.४ किलो वजन उतरलं, आणि ते उतरलं ती कमी खाऊ लागली म्हणून. तिचं विश्रांतीतलं चयापचय आधीही मंद नव्हतं. जनुक बिघडलं होतं ते भुकेचं.

पूर्वपक्षाची वाटणी इथे लावून बघा. ही मुलगी लठ्ठ कशाने झाली? जनुकाने, शंभर टक्के. आणि कशाने? खाण्याने, तेही शंभर टक्के. जनुक खाण्यातूनच काम करत होतं, खाण्याला वगळून नव्हे.

लेप्टिनचा असा जन्मजात अभाव फार विरळा, हे पूर्वपक्ष लगेच दाखवून देईल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सर्वसामान्य माणसांकडे येऊ. लहानपणापासून अतिलठ्ठ असलेल्या मुलांत सुमारे पाच टक्क्यांमध्ये एमसी४आर नावाच्या जनुकात दोष सापडतो. हे जनुकही मेंदूतल्या तृप्तीच्या यंत्रणेतलंच. २००७ मध्ये एफटीओ जनुकातला एक भेद सापडला, तो तर कोट्यवधी लोकांत असतो. आईवडील दोघांकडूनही तो आलेला असेल तर असा माणूस तो मुळीच नसलेल्या माणसापेक्षा सरासरी सुमारे तीन किलो जड असतो. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांसमोर अन्न मांडून मोजमाप केलं गेलं. हा भेद असलेल्या मुलांचा ऊर्जाखर्च इतरांपेक्षा कमी नव्हता. ती जास्त कॅलरीचे पदार्थ उचलत होती. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने ३ लाख ३९ हजार लोकांच्या माहितीतून बीएमआयशी निगडित अशा ९७ जागा जनुकसंचात दाखवल्या. त्यांच्या आसपासच्या जनुकांचं काम मुख्यतः मेंदूत चालतं असं निघालं. आणखी एक गोष्ट: या सत्त्याण्णव जागा मिळून लोकांच्या बीएमआयमधल्या फरकाचा जेमतेम २.७ टक्के उलगडा झाला. "माझ्यात लठ्ठपणाचं जनुक आहे" असं म्हणणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

त्याच २०१५ साली दुसऱ्या एका संशोधनाने दाखवलं की एफटीओमधला हा भेद चरबीच्या पेशींवरही परिणाम करतो. जाळायचं की साठवायचं याचा कल बदलतो. तेव्हा सगळाच मामला भुकेचा आहे असं मी म्हणत नाही. पण तीन किलोंचा हा भेदसुद्धा भोवतालावर अवलंबून असतो. फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदयरोग-अभ्यासातल्या कुटुंबांची माहिती पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की साधारण १९४२ च्या आधी जन्मलेल्यांत एफटीओचा वजनाशी संबंध लागतच नव्हता. नंतर जन्मलेल्यांत तो स्पष्ट होता. जनुक तेच होतं, बहुधा त्याच्या हाती देण्याजोगं काही आधीच्या पिढीच्या ताटात नव्हतं. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या एकत्रित पाहणीत, अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी निघाला.

आता "पाणी प्यायलं तरी". १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दहा जणांचा अभ्यास झाला, ज्यांचं म्हणणं होतं की आपण अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही. त्यांचं चयापचय नेमकं मोजलं, ते व्यवस्थित निघालं. प्रत्यक्षात ती माणसं सांगत होती त्यापेक्षा बरंच जास्त खात होती. सांगण्यात जवळपास निम्मं गळत होतं. ती खोटं बोलत नव्हती. खाल्लेलं माणसाला आठवत नाही, विशेषतः उभ्या-उभ्या खाल्लेलं. आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईचं चाखणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चार वेळच्या चहातली साखर आणि पाहुण्यांसोबत खाल्लेलं फरसाण यांना "जेवण" म्हणतच नाहीत.

पहिला पक्ष इथे खाली बसतो. दुसऱ्याची हीच वेळ. त्याचं म्हणणं, मग खाऊ नये! तोंडाला आवर घालावा. यावर केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग वाचावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस माणसांना चार आठवडे ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि सुमारे एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तितकीच उतरली. माणसं तीच होती. त्यांचा संयम एका पंधरवड्यात गळून दुसऱ्यात परत आला, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने तसं लिहून द्यावं.

सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी तर या पक्षाची उरलीसुरली बाजूही काढून घेतली. आठवड्याला एक इंजेक्शन, आणि अडुसष्ट आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. हे औषध मुख्यतः भूक कमी करतं. थांबवलं की वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येतं, कारण भूक परत येते. खादाडपणा चारित्र्याचा दोष असता तर तो दंडातल्या सुईने गेला नसता आणि सुई थांबल्यावर परतलाही नसता.

आपल्या देशात या वादाला आणखी एक फाटा आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मधुमेह आणि पोटाचा घेर यांची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास सांगतं: आपल्या पूर्वजांनी दुष्काळ काढले, ज्यांच्या अंगात अन्न साठवून ठेवण्याची शक्ती होती तेच वाचले, आणि आपण त्यांचे वंशज. मूळ कल्पना जेम्स नील यांची, १९६२ सालची. त्यांनी तिला "काटकसरी जनुक" म्हटलं. महाराष्ट्राच्या कानाला ती लगेच पटते. १८७६-७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, हे आपल्या घराघरांतल्या आठवणींत आहेत.

पटणं आणि खरं असणं वेगळं. जॉन स्पीकमन यांनी या कल्पनेवर घेतलेले आक्षेप अजून पुरते फिटलेले नाहीत. दुष्काळात सर्वांत जास्त मरतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं, आणि मरतात ती बरीचशी पटकी, हगवण, हिवताप अशा रोगांनी; अंगावर दोन किलो चरबी जास्त असण्याने त्यात फार फरक पडत नाही. दुष्काळाने निवड इतकी कडक केली असती तर आज आपण सगळेच लठ्ठ असतो. सडपातळ माणसं उरलीच कशी? दुसऱ्या बाजूने अँड्र्यू प्रेंटिस यांचं उत्तर असं की दुष्काळाचा परिणाम मृत्यूपेक्षा गर्भधारणेवर जास्त होतो, कृश स्त्रीला दिवस राहत नाहीत, आणि निवड तिथे होते. हे उत्तर विचार करण्याजोगं आहे. २०१६ साली सामोआच्या बेटांवर सीआरईबीआरएफ जनुकातला एक भेद सापडला. तो माणसाला जड करतो, पण मधुमेहाचा धोका मात्र उलट कमी करतो. नील यांच्या कल्पनेला एखाद्या बेटावर आसरा मिळेलही. आपल्या पोटाचा घेर तिच्यावर उभा करता येत नाही. कारण आपल्याकडची गोष्ट पुण्याजवळच्या खेड्यांत प्रत्यक्ष मोजली गेली आहे, आणि ती काही वेगळंच सांगते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याभोवतीच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या आया सरासरी बेचाळीस किलोंच्या. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो; इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला जन्मलेल्या बाळांचं ३.५ किलो. इथवर अपेक्षित. पण बाळाच्या अंगाचा एकेक भाग मोजला तेव्हा दिसलं की पुण्याच्या बाळात कमी आहेत ते स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरच्या कातडीखालची चरबी फारशी कमी नाही. वजनाने हडकुळं आणि प्रमाणाने चरबीचं असं हे बाळ. आहारात पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या वाट्याला येत होतं त्यांची बाळं मोठी होती. कष्ट जास्त असलेल्यांची लहान. यांतल्या निम्म्याहून अधिक आयांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देणारी निघाली. म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल पहिलीच्या वर्गातच.

२००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचं छायाचित्र "लॅन्सेट"मध्ये छापलं. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे युडकिन ते निराळे.) दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पाश्चात्त्य तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर का धरतात, आणि बीएमआय २३ च्या पुढे गेला की डॉक्टर भुवया का उंचावतात, हे या एका छायाचित्रात आहे. "मी कुठे लठ्ठ आहे?" म्हणणारा सडपातळ हातापायांचा आणि गोल पोटाचा मध्यमवयीन मराठी माणूस पूर्वपक्षाच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

आणि वाटणी मोडते ती नेमकी इथे. आईच्या पोटातली नऊ महिन्यांची उपासमार कुठल्या रकान्यात मांडायची? ती बाळाची जनुकं नव्हेत. बाळाचं खाणंही नव्हे. ते तर जन्मलंच नव्हतं. पण जुळ्यांच्या अभ्यासात दोन्ही भावंडं एकाच गर्भाशयात वाढलेली असतात. त्यामुळे गर्भाशयाचा काही परिणाम नकळत जनुकांच्या नावावर पडू शकतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीने नेदरलँड्समध्ये जी उपासमार झाली, तिच्या काळात पोटात असलेल्या मुलांची पुढे लष्करभरतीच्या वेळी तपासणी झाली. सुमारे तीन लाख तरुणांची ती नोंद. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त होता, शेवटच्या महिन्यांत झालेल्यांत कमी. उपासमार तीच, महिना वेगळा, निकाल उलटा. याची टक्केवारी काढून दाखवावी.

या सगळ्याच्या बाजारात "तुमच्या जनुकांप्रमाणे आहार" विकणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांच्यासाठी एकच प्रयोग पुरे. २०१८ मध्ये स्टॅनफर्डचे ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. कुणाची जनुकं कुठल्या आहाराला "अनुकूल" आहेत हेही तपासलं. दोन्ही गटांत वजन पाच-सहा किलोच उतरलं, आणि जनुकांवरून कुणाला कुठला आहार मानवेल याचं भाकीत काही साधलं नाही. थुंकी पाठवून अहवाल मागवणाऱ्यांनी ते पैसे भाजीला घालावेत.

मग मंडन काय? भूक बऱ्याच अंशी वारशाने येते, त्या भुकेपुढे काय मांडलं जाईल हे बाजार आणि घर ठरवतं, आणि मांडलेलं अंगात कुठे जाऊन बसेल याचा बराचसा निकाल आईच्या पोटात लागलेला असतो. ही तीन कारणं एकमेकांतून काम करतात, म्हणून त्यांची वजाबाकी होत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलतेची कारणं दिली आहेत. अति खाणं, जड-गोड-स्निग्ध पदार्थ, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं, कसली काळजी नसणं, आणि त्याच ओळीत, वेगळं न काढता, बीजस्वभाव. यावरून प्राचीनांना जनुकं ठाऊक होती असा जयघोष कुणी करू नये. बीज म्हणजे डीएनए नव्हे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की चरकाने यादी केली, वाटणी केली नाही. पुढे तो असंही सांगतो की मेदाने वाट अडलेला वायू कोठ्यात फिरून अग्नी भडकवतो, त्यामुळे स्थूल माणसाला अन्न लवकर जिरतं आणि पुन्हा खावंसं वाटतं. वायूचं हे स्पष्टीकरण आज टिकणारं नाही. पण जास्तीची भूक ही त्या शरीरावस्थेचाच भाग आहे, माणसाचा दुर्गुण नव्हे, हे निरीक्षण आपल्या दुसऱ्या पक्षाच्या पुष्कळ पुढचं आहे.

याज्ञिकांच्या सहा गावांतली ती बाळं पुढे मोठी झाली. २०१२ साली ती किशोरवयात असताना त्यांच्यावरच एक नवा प्रयोग सुरू झाला: मुलामुलींना लग्नाआधीपासून बी-१२ आणि इतर सूक्ष्मपोषक द्यायचे. त्यांचं स्वतःचं वजन सुधारावं हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. मोजायची होती ती त्यांना होणारी बाळं. आजीने पालेभाजी किती खाल्ली, आईला शाळेच्या वयात कुठली गोळी मिळाली, हे त्या बाळाच्या कमरेच्या हिशेबात सत्तर टक्क्यांत धरायचं की तिसांत, ते आता पूर्वपक्षाने सांगावं.